गालगुंड: पहिला गाल सुजल्यापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत

पाडवा होऊन दोन दिवस झाले होते. माझा आठ वर्षांचा मुलगा ओटीवर बसून तिखटमीठ लावून कैरी खात होता. पहिलाच चावा घेतला आणि कानाखाली हात दाबून तो किंचाळला. मला वाटलं, दात हलला असेल. तोंड उघडायला लावून बघितलं, दातांना काहीच नव्हतं. रात्री अंग तापलं. सकाळी उठला तेव्हा डावा गाल कानापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत भरून आला होता. सासूबाईंनी बघताक्षणी सांगितलं, "अगं, गालगुंड आहे हे."

त्यांचं बरोबर होतं. पुढच्या पाच आठवड्यांत हे दुखणं आमच्या घरात दोघांना झालं. मुलगा दहा दिवसांत पुन्हा अंगणात धावू लागला. माझ्या दिरांचे मात्र फार हाल झाले, आणि त्यातले निम्मे हाल केवळ आम्हाला माहिती नव्हती म्हणून झाले. आम्ही दापोली तालुक्यात, किनाऱ्यावरच्या गावात राहतो. मी डॉक्टर नाही. पण त्या पाच आठवड्यांत डॉक्टरांना, नर्सबाईंना, आशाताईंना विचारून विचारून जे तुकड्यातुकड्यांनी कळलं, ते पहिल्याच दिवशी कोणी एकत्र सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटत राहिलं. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरात आज कुणाचा गाल सुजला असेल तर पायरी 2 पासून वाचायला घ्या, बाकीचं रात्री निवांत वाचा.

1. आजार नेमका काय आहे

गालगुंड, कुठे गालफुगीही म्हणतात, हा विषाणूमुळे होतो. तो फक्त माणसांतच राहतो आणि पसरतो. गुरं, कोंबड्या, डास यांचा त्यात काही संबंध नाही. लागण होते ती लाळेतून: खोकला, शिंक, उष्टा पेला, एकाच्या तोंडातली शिट्टी दुसऱ्याने घेणं. कानाच्या पुढे आणि खाली लाळेची एक मोठी ग्रंथी असते, तिला पॅरोटिड म्हणतात. विषाणू तिला सुजवतो. आंबट खाल्लं की लाळ सुटते, सुजलेली ग्रंथी ताणते आणि कळ येते. माझ्या मुलाला कैरीने जे झालं ते हेच.

आता दिवसांचा हिशेब. सगळ्यात जास्त कामाची गोष्ट हीच आहे. लागण झाल्यापासून गाल सुजेपर्यंत बहुधा 16 ते 18 दिवस जातात. कमीत कमी 12, जास्तीत जास्त 25. आमच्याकडे शिमग्याला मुंबईहून चाकरमानी आले होते, घर भरलेलं होतं. पालखी दारात आली, मुलं रात्रभर एकत्र हुंदडली, एका तांब्याला तोंड लावून पाणी प्यायली. मुंबईला परत गेल्यावर पाहुण्यांतल्या एका मुलाचा गाल सुजला, हे आम्हाला फार उशिरा कळलं. होळी पौर्णिमेपासून पाडवा पंधरा दिवसांवर. त्यावर दोन दिवस धरा, गणित बरोबर बसतं. तसंही हा आजार थंडीच्या शेवटाला आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जास्त दिसतो. शिमगा, लग्नं आणि परीक्षा आपल्याकडे नेमक्या त्याच दिवसांत येतात.

आणखी एक गोष्ट मनाला लावून घेऊ नका. रुग्ण गाल सुजण्याच्या दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला आजार देऊ शकतो. शिवाय लागण झालेल्या साधारण तिघांतल्या एकाला गालाची सूज येतच नाही. नुसती कणकण, सर्दी, किंवा तेही नाही. त्यामुळे "कुणी आणलं" हे शोधत बसून नात्यात वितुष्ट आणण्यात अर्थ नाही. पाहुण्यांच्या मुलाला गाल सुजायच्या आधी काही कळणं शक्यच नव्हतं.

2. गाल कसा बघायचा

मुलाला उजेडात बसवा आणि त्याच्या पाठीमागे उभं राहून दोन्ही कान एकाच वेळी बघा. गालगुंडात सुजलेल्या बाजूची कानाची पाळी वर आणि बाहेर ढकललेली दिसते. मग समोरून जबड्याच्या कोपऱ्यावर हलकेच बोट फिरवा. नेहमी हाताला लागणारं ते हाड सुजेत बुडालेलं असतं. सूज मऊ, रबरासारखी असते. कातडी ताणलेली दिसते, पण सहसा लाल नसते. त्याआधी एक-दोन दिवस ताप, डोकेदुखी, अंगदुखी, अन्नावर वासना नाही, असं असू शकतं. बहुतेकांना एका गालाने सुरुवात होते आणि एक-दोन दिवसांत दुसराही सुजतो. काहींचा शेवटपर्यंत एकच राहतो. सूज पहिले तीन दिवस वाढते, आठवडा-दहा दिवसांत उतरते.

पण गालाची प्रत्येक सूज गालगुंड नसते. हे बघून घ्या:

सूज लाल, कढत, फक्त एका बाजूला, आणि तोंडात पू किंवा घाण चव येत असेल तर ते जिवाणूंचं दुखणं असू शकतं. त्याला अँटिबायोटिक लागतं.

सूज जबड्याच्या खाली, मानेत गाठींसारखी असेल आणि घसा दुखत असेल तर टॉन्सिलच्या गाठी असू शकतात. किडका दात असेल तर दाताचा गळू.

दोन्ही बाजूंनी मान बैलासारखी फुगली, घशात करडा-पांढरा पापुद्रा दिसला, श्वासाला त्रास होऊ लागला, तर तो घटसर्प असू शकतो. तिथे रात्र काढायची नाही. तडक 108 ला फोन.

दर काही महिन्यांनी तोच गाल सुजत असेल तर ते बहुधा गालगुंड नाहीच. ग्रंथीच्या नळीत खडा किंवा दुसरं काही कारण असतं. डॉक्टरांना आधीच्या वेळा तारखांसकट सांगा.

लिंबू किंवा लोणचं चाटवून "दुखतं का बघू" ही परीक्षा आमच्याकडे दोन शेजारणींनी सुचवली. करू नका. त्यातून नवीन काही कळत नाही, पोर फक्त कळवळतं.

3. हाताशी काय ठेवायचं

- डिजिटल थर्मामीटर. हात लावून ताप ओळखण्यावर भिस्त ठेवू नका.
- मुलाचं वजन. औषधाचा डोस वजनावर ठरतो. अंगणवाडीत वजनकाटा असतो, पण मूल आजारी असताना तिथे नेऊ नका. सगळ्यात अलीकडचं वजन विचारून घ्या.
- पॅरासिटामॉल आणि मापाची पिचकारी किंवा टोपण. घरातला चमचा चालणार नाही.
- माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे लसीकरणाच्या नोंदी असतात ते. डॉक्टर पहिला प्रश्न याचाच विचारतील.
- रुग्णाचं आधार कार्ड आणि आधीचे केसपेपर. रुग्णालयात दाखल करायची वेळ आली तर रेशन कार्डही.
- शाळेसाठी रजेचा अर्ज, आणि डॉक्टरांकडून गाल सुजल्याची तारीख लिहिलेला दाखला.
- भिंतीवरचं कॅलेंडर आणि पेन. गाल सुजला ती तारीख ठळक गोल करून ठेवा.

4. डॉक्टरांकडे जाताना

गाल सुजलेल्या पोराला घेऊन गर्दीच्या वेळी ओपीडीत बसू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात फोन करा, आशाताईंना सांगा, मास्क लावून जा आणि बाहेर मोकळ्या जागेत थांबा. रांगेत गरोदर बाई असेल, किमोथेरपी चालू असलेला माणूस असेल, त्यांचा विचार करायचा. घरी कुणी गरोदर असेल तर तिच्या डॉक्टरांना लगेच कळवा. गालगुंडाने बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही, पण तिच्यावर लक्ष ठेवणं डॉक्टरांच्या हातात असू दे.

निदान बहुतेक वेळा नुसत्या तपासणीने होतं. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यात विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी आणि रक्तातली प्रतिपिंडं बघणारी आयजीएम तपासणी असते, पण एका मुलाच्या सरळसाध्या दुखण्याला ती दर वेळी लागत नाही. शाळेत किंवा वाडीत तीन-चार जण एकदम सुजले असतील तर आरोग्य केंद्राला जरूर कळवा. रक्तात अमायलेज हे पाचक द्रव्य वाढलेलं दिसलं तरी घाबरून जाऊ नका. लाळेची ग्रंथी सुजली की तेही वाढतं.

विषाणूवर थेट औषध नाही. अँटिबायोटिकचा इथे उपयोग होत नाही. आम्हाला एका ठिकाणी पाच दिवसांचं अँटिबायोटिक हातात ठेवलं गेलं. "जिवाणूंचा संसर्ग आहे का, की गालगुंडासाठीच देताय?" एवढंच शांतपणे विचारायचं धाडस तेव्हा मला झालं नाही. तुम्ही विचारा.

5. घरची शुश्रूषा

ताप आणि दुखणं. पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलीग्रॅम. दोन डोसांत किमान 4 ते 6 तास जाऊ द्या, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा देऊ नका. इथला सापळा नीट वाचा. बाजारात मुलांच्या पातळ औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात: एकीत 5 मिलीलिटरमध्ये 120 किंवा 125 मिलीग्रॅम, दुसरीत 250. म्हणजे 20 किलोच्या मुलाला 200 ते 300 मिलीग्रॅम द्यायचं तर 250 वालं 4 ते 6 मिलीलिटर होतं आणि 125 वालं 8 ते 12. आमच्याकडे पहिली बाटली संपली, दुकानातून दुसऱ्या ताकदीची आली, आणि मी सवयीने त्याच खुणेपर्यंत पिचकारी भरली. माझ्या नवऱ्याने लेबल वाचलं म्हणून दुप्पट डोस पोटात जाता जाता राहिला. दर नव्या बाटलीचं लेबल वाचा आणि किती मिलीलिटर द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. विषाणूच्या तापात त्याने मेंदू आणि यकृतावर गंभीर परिणाम होऊ शकतो. आजोबांच्या हृदयाच्या गोळ्यांतली अर्धी गोळी दिली, असले प्रकार अजून होतात.

शेक. थंड किंवा कोमट, ज्याने बरं वाटेल तो. ओल्या फडक्याची घडी दहा मिनिटं ठेवली की माझ्या मुलाला झोप लागायची. बर्फ थेट कातडीला लावू नका.

आमच्या भागात गालगुंडावर उंबराचा चीक लावायची चाल आहे. कुणी चुना-हळद, कुणी काव लावतात. सासूबाईंनी प्रेमाने चीक आणला होता. मी त्यांना म्हटलं, "आई, डॉक्टर बघेपर्यंत थांबूया, लेपाखाली लाली आली तर दिसणार नाही." त्या थांबल्या. चिकाने कोवळी कातडी भाजल्यासारखी होऊ शकते आणि सुजेवर त्याचा गुण येत नाही. कुणाला गळ्यात दोरा बांधायचा असेल तर त्यावरून घरात भांडण नको, फक्त तो सुजेला काचू नये आणि डॉक्टरांकडे जाणं लांबू नये.

खाणं. कोकणातल्या स्वयंपाकघरात या आजाराचं पथ्य अर्धं तयारच असतं आणि अर्धं अगदी उलट असतं. पेज म्हणजे देवाची देणगी: उकड्या तांदळाची, चांगली मऊ शिजलेली, वर चमचाभर तूप आणि मीठ. आटवल म्हणजे मऊ शिजवलेला भात, नाचणीचं सत्त्व, मऊ भातावर बिनआंबट वरण, दुधात भिजवलेली घावनाची घडी, वाफवलेलं पिकलं केळं, शहाळ्याचं पाणी. चावायला लागेल ते आठवडाभर बाजूला ठेवायचं. पण आंबट टाळायचं म्हटलं की आपल्या हाताला खीळ बसते. सोलकढी नाही, कोकम सरबत नाही, आमटीत आमसूल नाही, कैरी नाही, चिंच नाही, माशाच्या कालवणात कोकम-तिरफळ नाही, आंबट ताक नाही, लिंबू सरबतही नाही. ताप आहे म्हणून पाहुणे प्रेमाने सोलकढी आणतात. पोराने एक घोट घेतला की ते नंतर पाणीसुद्धा प्यायला घाबरतं, आणि खरा धोका पाणी कमी पडण्याचा आहे. मी एक घड शहाळी आणवून ठेवली होती. दर तासाला चार-पाच घोट, स्ट्रॉने नाही, पेल्याने, कारण ओढतानाही गाल दुखतो. लघवी दिवसातून किती वेळा होते ते मोजा. सहा-सात तास झालीच नाही तर डॉक्टरांना कळवा.

जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा. तोंड स्वच्छ राहिलं तर वरून जिवाणूंचा संसर्ग व्हायची शक्यता कमी होते. आंघोळीला बंदी नाही. कोमट पाण्याने घालायला हरकत नाही.

6. पाच दिवस वेगळं ठेवणं

गाल सुजला त्या दिवसापासून पुढचे पाच दिवस रुग्णाने घरात राहायचं. शाळा, शिकवणी, मशीद, देऊळ, कीर्तन, एसटी, क्रिकेट, सगळं बंद. दुसरा गाल नंतर सुजला तर मोजणी पुन्हा सुरू करायची का, हे डॉक्टरांना विचारा. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या सुजेपासूनच मोजायला सांगितलं होतं.

आपल्याकडची घरं यासाठी सोयीची आहेत. पडवीत खाट टाकली, वारा येतो, मूल नजरेसमोरही राहतं. ताट, वाटी, पेला, टॉवेल, उशी वेगळी. भांडी साबणाने धुतली की पुरे, जाळायची-फेकायची गरज नाही. शुश्रूषा करणाऱ्याने मास्क लावायचा आणि हात साबणाने धुवायचे. ज्याला लहानपणी गालगुंड होऊन गेलं आहे त्याने रुग्णाजवळ राहायचं, हे सगळ्यात सोपं. एकदा झालं की पुन्हा सहसा होत नाही. "एकच गाल सुजला, दुसरा अजून बाकी आहे" असं लोक म्हणतात. तसं नसतं. एका गालाचं झालं तरी प्रतिकारशक्ती सगळ्या शरीराला येते.

परीक्षा असेल तर मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवा आणि दाखला द्या. मुलाला गोळी देऊन, गळ्याभोवती रुमाल बांधून पेपरला बसवणं म्हणजे अख्ख्या वर्गाला अठरा दिवसांनी आजारी पाडणं.

7. घरातल्या मोठ्या माणसांचा विचार पहिल्याच दिवशी करा

आमच्याकडून राहून गेलं ते हे. मुलाच्या गालाकडे सगळं घर बघत होतं. भाऊजी तेव्हा सव्वीस वर्षांचे, बंदरावर बोटीवर कामाला. ते पुतण्याच्या उशाशी बसून त्याला मोबाइल दाखवायचे, त्याच्याच वाटीतली उरलेली पेज संपवायचे. त्यांना लहानपणी गालगुंड झालं होतं का, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. झालं नव्हतं.

मुलाचा गाल सुजल्यापासून अठराव्या दिवशी त्यांचे दोन्ही गाल सुजले. चार दिवसांत सूज उतरू लागली आणि ते बोटीवर जायची भाषा करू लागले. सहाव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप भरला. ते कुणाशी बोलेनात, चालताना पाय फाकून चालत होते, आणि दोन दिवस नुसते कुशीवर पडून राहिले. शेवटी रात्री हळूच म्हणाले, "वहिनी, दादाला बोलवा." अंडकोष एका बाजूने दुप्पट सुजला होता. बोलायची लाज वाटली म्हणून दोन दिवस गेले. हे सगळं त्यांनी सांगायला सांगितलं म्हणूनच लिहिते आहे. बोटीवरच्या इतर पोरांना कळावं, ही त्यांची इच्छा.

वयात आलेल्या, लस न घेतलेल्या पुरुषांत गालगुंड झालं तर दहातल्या तिघांपर्यंत हा त्रास होऊ शकतो. तो बहुधा गालाच्या सुजेनंतर चार ते आठ दिवसांनी येतो, म्हणजे माणूस "बरा झालो" म्हणतो नेमका तेव्हा. बहुतेकदा एकाच बाजूला. उपचार म्हणजे पूर्ण विश्रांती, खालून आधार देणारी घट्ट चड्डी किंवा लंगोट, फडक्यात गुंडाळलेला थंड शेक, आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामकं. काही जणांत नंतर ते वृषण थोडं लहान होतं. पण कायमचं वंध्यत्व येणं क्वचितच घडतं. "आता याला मूल होणार नाही" हे वाक्य वाडीत कुणीतरी बोलतंच, आणि लग्नाच्या वयाच्या माणसाला ते सुजेपेक्षा जास्त लागतं. बोलणाऱ्याला तिथेच थांबवा.

आणि हे विसरू नका: अंडकोष एकाएकी, जोराने दुखायला लागला तर तो गालगुंडामुळेच असं गृहीत धरू नका. वृषण आतल्या आत पिळलं जाण्याचा एक वेगळा प्रकार असतो, त्यात साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. म्हणून भाऊजींची आधी सोनोग्राफी केली. रात्र असो, पाऊस असो, निघायचं.

बायकांत स्तनाला सूज येऊ शकते, किंवा बीजाशयाला सूज येऊन ओटीपोटात दुखतं. पुरुषांच्या मानाने हे कमी.

8. या खुणा दिसल्या तर वाट बघायची नाही

खूप डोकं दुखणं, मान ताठ, उलट्या, उजेड सहन न होणं. मूल सुस्त पडणं, बरळणं, झटके. हे मेंदूच्या आवरणाला किंवा मेंदूला सूज आल्याचं असू शकतं. वरच्या पोटात असह्य दुखून उलट्या, हे स्वादुपिंडाचं. गिळता न येणं, श्वास लागणं. उतरलेला ताप पुन्हा चढणं. यातलं एकही दिसलं तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. 108 ची गाडी मोफत आहे. आपले रस्ते वळणाचे, खाडीवरची फेरी ठरावीक वेळेची. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा, रात्री निघायचं झालं तर कुणाची गाडी, कुठला रस्ता. सल्ल्यासाठी राज्याची 104 ही आरोग्य हेल्पलाइनही आहे.

9. बरं झाल्यावर कान तपासा

हे फार कमी लोक सांगतात. क्वचित, पण गालगुंडाने अचानक बहिरेपणा येतो, बहुधा एकाच कानाला. मूल दुसऱ्या कानाने ऐकत राहतं आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. आजारात आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे, दर दोन दिवसांनी मुलाचे डोळे मिटवून एका कानाशी दोन बोटं एकमेकांवर घासा, मग दुसऱ्या कानाशी. फोन आधी एका कानाला द्या, मग दुसऱ्या. फरक वाटला, किंवा चक्कर, कानात घूं घूं आवाज असं मूल म्हणालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. त्यात दिवस घालवून चालत नाही.

10. लस: कार्डावर नसलेला तो मधला एम

मुलाचं कार्ड मी डॉक्टरांसमोर अभिमानाने ठेवलं होतं. सगळे रकाने भरलेले. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे "एमआर" होतं. "यात गोवर आहे आणि रुबेला आहे. गालगुंड नाही," ते म्हणाले. सरकारी लसीकरणात 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि 16 ते 24 महिन्यांत जी लस मिळते ती एमआर. 2018 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात 15 वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळाशाळांतून मोहिमेत दिली गेली तीही एमआरच. दोन्ही लसी उत्तम आहेत, घ्यायच्याच. पण त्या घेतल्या म्हणजे गालगुंडाचंही झालं, हा समज चुकीचा आहे, आणि मी आठ वर्षं त्यात होते. गालगुंडासाठी मधला जास्तीचा एम, म्हणजे मम्प्स (गालगुंडाचं इंग्रजी नाव), असलेली एमएमआर लागते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना ती 9 महिने, 15 महिने आणि 4 ते 6 वर्षं अशी तीनदा द्यायला सांगते. आज ती खासगी दवाखान्यात पैसे भरून घ्यावी लागते. 2024 च्या सुरुवातीला केरळात गालगुंडाची मोठी साथ आली, तिथेही हीच चर्चा झाली. ती सरकारी यादीत यावी, असं मला मनापासून वाटतं.

एका डोसाने साधारण चारातल्या तिघांना संरक्षण मिळतं, दोन डोसांनी दहातल्या जवळपास नऊ जणांना. म्हणजे लस घेऊनही क्वचित गालगुंड होतं, पण बहुधा सौम्य, आणि मोठ्या पुरुषांतला तो त्रास खूप कमी होतो. मॉरिस हिलमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1963 मध्ये स्वतःच्या आजारी मुलीच्या घशातून विषाणूचा नमुना घेतला, त्यातून बनलेली लस 1967 मध्ये आली. आजारी मुलीच्या उशाशी बसलेल्या बापाला ते सुचलं, हे वाचल्यापासून ती लस मला परकी वाटत नाही.

घेताना हे बघा. लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. आपल्याकडे वादळात दोन-दोन दिवस वीज जाते, तेव्हा फ्रिज बॅकअपवर होता का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारा. चांगले डॉक्टर रागवत नाहीत. चिपळूण-रत्नागिरीहून औषधाच्या दुकानातून कुपी विकत घेऊन पिशवीत टाकून एसटीने आणू नका. ती बर्फाच्या पॅकसह लसीच्या डब्यातूनच आली पाहिजे. पूड पाण्यात मिसळली की 6 तासांच्या आत वापरावी लागते.

गरोदर बाईला ही लस देत नाहीत, आणि घेतल्यावर बाईने किमान चार आठवडे गर्भधारणा टाळायची. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनाही देत नाहीत. लसीनंतर आठवडाभराने थोडा ताप, पुरळ, क्वचित गालाला हलकी सूज येऊ शकते. ती आपोआप जाते. लहानपणी राहून गेलेल्या मोठ्या माणसांनाही घेता येते: दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. बोटीवर, वसतिगृहात, मुंबईत दहा जणांच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या पोरांनी ती घ्यावी, असं मी हात जोडून सांगते.

माझी धाकटी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. भावाचा गाल सुजला त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांनी पहिला डोस दिला. म्हणाले, "आधीच लागण झाली असेल तर याने थांबणार नाही. झाली नसेल तर पुढचं तरी सुरक्षित." मी कॅलेंडरवर भाऊजींच्या सुजेच्या तारखेपासून पाच दिवस खोडले, मग तिच्यासाठी आणखी पंचवीस. रोज सकाळी तिच्या पाठीमागे उभी राहून दोन्ही कानांच्या पाळ्या बघायचे. पंचविसावा दिवस कोरडा गेला. दुसऱ्या डोसाची तारीख तिच्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लाल पेनाने लिहिली, आणि कार्डाचा फोटो नवऱ्याच्या आणि भाऊजींच्या फोनवर पाठवून ठेवला.